मागचे लायनर नव्यासारखे

मांडवगण फराटा
३ ऑक्टोबर २००४

ती. अयुब चाचा यांस,
संपतचा नमस्कार. चाचींनाही सांगा.

शाकीरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी दौंडला आलो नाही. दोनदा निघालो होतो. एकदा अर्ध्या वाटेत उतरून परत फिरलो. फोन करावा तर बूथवर मागे पाच माणसं ऐकत उभी असतात. म्हणून पत्र लिहितो.

१४ मेला पाबळच्या उतारावर तुमचा शाकीर ज्या पिकअपमध्ये गेला, ती पत्र्याचं काम होऊन ऑगस्टमध्ये घरी आली. सगळे म्हणाले, विकून टाक. मी विकली नाही. गाडीशिवाय आमचं चालत नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती देववेना.

शाकीर होता तोवर गाडीचं मला काही बघावं लागत नव्हतं. न्हावरा फाट्याला त्याच्या गॅरेजसमोर लावायची, चहा प्यायचा, किल्ली घ्यायची. आता अडचण अशी आहे की ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि पेडल खोल जातं. शिरूरला बबनरावांच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागतील. त्यांनी तीन प्रकार दाखवले. एक कंपनीची साधी डिस्क, एक लोकल, आणि एक भोकं पाडलेली. गाडी चार इंच उचललेली, टायर मोठे, म्हणून भोकाची घ्या, हवा खेळते, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही रेल्वेत तीस वर्षं ब्रेकचंच काम केलंय. काय घेऊ ते कळवा.

घाई यासाठी की भाऊबीज झाली की आबांचा मेंढरांचा वाडा कोकणात उतरणार. मेंढरं चालत पुढे गेलीत. कोकरं, कोंबड्या, भांडी, जातं, सगळं बिऱ्हाड आणि घरातल्या बाया मी गाडीतून वरंध्याच्या घाटाने खाली नेणार. आबा, म्हणजे माझे चुलते, रोज टोमणे मारतात. काल म्हणाले, "आमच्या घोड्याला ब्रेक न्हवता, तरी घाट उतरायचा. तुझ्या गाडीला दर दोन म्हैन्याला नाल ठोकायला लागतोय व्हय?"

तुमचा,
संपत


दौंड
९ ऑक्टोबर २००४

चि. संपत यास,
आशीर्वाद. पत्र मिळालं. तुझ्या चाचीला, सुलतानबीला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगं घरी येत न्हाई आन् डिस्कचं पत्र धाडतंय. त्याला सांगा, घराला ब्रेक न्हाई." तेव्हा ये.

भोकाची डिस्क घेऊ नकोस. ती शोभेची आहे. वजनाच्या गाडीत तापली की भोकाजवळ तडा जातो. लोकलही नको, तिचं ओतीव लोखंड कसलं असतं ते कळायला मार्ग नाही. कंपनीची साधी घे. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. जुनी काढल्यावर तिची जाडी मोजून घे. दोन्ही बाजू एकदमच बदल, एका बाजूला नवी आणि दुसरीला जुनी असं करू नकोस. पॅड बंद खोक्यातले घे. खोक्यावरचा नंबर आणि पॅडच्या पाठीवरचा नंबर जुळवून बघ. नव्या डिस्कला तेल असतं, ते पुसून काढ. बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस रिकाम्या रस्त्यावर हळूहळू पंचवीस-तीस वेळा ब्रेक लाव. एकदम करकचून दाबू नकोस.

जुन्या डिस्कचा रंग कसा आहे, पॅड किती दिवसांत संपले आणि मागच्या चाकांच्या ड्रममध्ये घासणारे ब्रेकचे लायनर कसे आहेत, एवढं कळव. फक्त पुढचं बघून ब्रेकचं काही सांगता येत नाही.

शाकीरची हत्यारांची पेटी गॅरेजमधून आणली आहे. अजून उघडलेली नाही.

तुझा,
अयुब मुलाणी


मांडवगण फराटा
१५ ऑक्टोबर २००४

ती. चाचा,
नमस्कार. तुम्ही लिहिलं तसंच केलं. कंपनीच्या साध्या डिस्क घेतल्या. बबनराव जरा रुसले. म्हणाले, "दौंडवाल्यांना डब्याचं कळतं, गाडीचं आम्हाला विचारा." पण दिल्या.

जुन्या डिस्क निळ्या पडल्यात, मोरपिसासारख्या. कडेला नखाएवढी धार आलीय. ऑगस्टमध्ये बॉडीवाल्याने कंपनीचे नवे पॅड माझ्यासमोर खोकं फोडून बसवले होते, ते दोन महिन्यांत पत्र्याला लागले. हाताने चोळले तर भुगा पडतो. मिस्त्री म्हणाला, "तू ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतो काय रे?" मी तसं करत नाही, चाचा.

मागचे ड्रम उघडले. लायनर गाडी उचलली तेव्हाचे, नऊ महिन्यांचे आहेत, पण मिस्त्री म्हणाला, कालच बसवल्यासारखे आहेत, नव्यासारखे. बबनराव म्हणाले, चला, तेवढं तरी नशीब, मागचा खर्च वाचला.

एक विचारायचं होतं. राहवत नाही म्हणून विचारतो. नकली पॅडमुळे माणूस मरू शकतो का?

संपत


दौंड
२१ ऑक्टोबर २००४

चि. संपत यास,
आशीर्वाद. रमजान सुरू झाला आहे, त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

मागचे लायनर नव्यासारखे असणं हे नशीब नाही. त्याचं कारण शोधावं लागेल.

शाकीरने गाडी उचलली तेव्हा मागे नेमकं काय काय केलं ते आठवून लिही. आणि गाडीखाली वाकून बघ. मागच्या एक्सलपासून वर चासीकडे जाणारी एक बारीक सळई आहे का? तिच्या वरच्या टोकाला मुठीएवढा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा वर आहे, आडवा आहे की खाली लोंबतोय, ते चित्र काढून पाठव. उत्तर येईपर्यंत गाडी भरू नकोस.

तू शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर आत्ता देत नाही.

अयुब मुलाणी


मांडवगण फराटा
२७ ऑक्टोबर २००४

ती. चाचा,
तुम्ही उत्तर दिलं नाही तेव्हाच मी समजलो, तुम्हाला ठाऊक झालंय. आता सांगूनच टाकतो.

मेमध्ये पॅड संपले होते. शाकीर म्हणाला, शिरूरहून खोक्यातले आण, नंबर बघून घे. मला शिरूरला जायचा कंटाळा आला. तळेगावच्या बाजारात एक माणूस पोत्यावर सुटे पार्ट मांडून बसतो, त्याच्याकडून घेतले. शाकीरने विचारलं, "खोकं कुठाय?" मी म्हणालो, वाटेत फेकलं. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला आणि बसवले. माझ्यावर विश्वास ठेवला.

सहा दिवसांनी मंचरकडच्या एका द्राक्षबागेत लेंडीखत पोचवायचं होतं. त्या दिवशी मेंढरांना लस टोचायला डॉक्टर येणार होते. शाकीर म्हणाला, "तू थांब. मीच नेतो. मला पण बघायचंय, उचललेली गाडी भरल्यावर कशी चालते." लोक म्हणतात तो जोरात होता. चाचा, तो कधी जोरात चालवायचा नाही. उतारावर ट्रॉली उभी होती आणि गाडी थांबली नाही. त्या ट्रॉलीवाल्याने मला सांगितलं, "पोरगं ब्रेकवर उभं राहिलं होतं."

मी मारलं त्याला. चाचींना हे वाचून दाखवू नका.

तुम्ही विचारलेलं लिहितो. संक्रांतीनंतर शाकीरने मागे स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवले आणि एक्सलवर चार इंचाचा लोखंडी ठोकळा घातला. गाडी ओढ्यात आणि ढेकळात टेकत होती, म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो. काम असं सुंदर केलं की बघायला लोक यायचे. भरली तरी गाडी बसत नाही. शाकीर म्हणायचा, "वीस क्विंटल टाक, नवरीसारखी ताठ उभी राहील." सळई आहे. तिला त्याने हात लावलेला नाही. दांडा खाली लोंबतोय. चित्र मागे काढलंय, वाईट आलंय.

संपत


दौंड
२ नोव्हेंबर २००४

चि. संपत यास,
पत्र आणि चित्र मिळालं.

पॅडचा विषय मनातून काढून टाक. पुन्हा लिहू नकोस.

घाट उतरताना गाडीत निम्माच माल भर. माणसं एसटीने पाठव. दुसऱ्या गिअरमध्येच उतर. सळईला आणि व्हॉल्व्हला कुणा मिस्त्रीला हात लावू देऊ नकोस. ईद झाली की मी येऊन बघेन.

अयुब मुलाणी


मांडवगण फराटा
८ नोव्हेंबर २००४

ती. चाचा,
तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. त्यात आशीर्वाद लिहिलेला नाही. तुमचं बरोबर आहे. मी असतो तरी असंच केलं असतं.

ईदनंतर यायचा त्रास घेऊ नका. आम्ही थांबू शकत नाही. पुढे गेलेल्या मेंढरांचा निरोप आलाय, वरचा चारा संपला, खाली उतरायचं. आबा म्हणाले, "मेंढरांना भाऊबीज कळत न्हाई." रविवारी, १४ तारखेला सकाळी नऊ वाजता निघतोय. निम्म्या मालाचं मी बोललो, तर म्हणाले, "निम्मा माल म्हंजी निम्मी कोकरं मी कडंवर घिऊन चालू का?" दोन खेपा केल्या तर चार दिवस जातात. म्हणून एकदाच भरणार. गीताबाई, म्हणजे माझी भावजय, तिचं पोर, धुरपदा आत्या आणि म्हाळसाकाकू मागे बिऱ्हाडावर बसतील.

तुम्ही काळजी करू नका. डिस्क आणि पॅड नवे आहेत, तुम्ही सांगितले तेच. काल रिकामी गाडी शिरूर रस्त्यावर साठने नेऊन ब्रेक मारला, तर रेघ ओढल्यासारखी थांबली. बबनराव म्हणाले, "आता डोंगरावरनं सोडली तरी थांबंल."

चाचींना नमस्कार. ईदला येऊ शकणार नाही.

संपत


दौंड
१३ नोव्हेंबर २००४, शनिवार

चि. संपत यास,
अनेक आशीर्वाद. गेल्या पत्रात लिहायचा राहिला नव्हता. हात धजला नव्हता.

दिवाळीमुळे टपाल अडकलं होतं. तुझं पत्र आज दुपारी मिळालं. तुमच्या गावच्या बूथवर तीनदा फोन लावला. कुणी उचलत नाही. म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या पहाटेच्या जीपने स्वतः घेऊन येतो. समोर उभं राहून मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मी दौंडच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांचे ब्रेक बघायचो. प्रत्येक डब्याला एक हँडल असायचं. डबा रिकामा असेल तर एका बाजूला, भरलेला असेल तर दुसऱ्या बाजूला. भरलेल्या डब्याला ब्रेक जास्त लागतो. रिकाम्याला तेवढाच लावला तर चाक जाम होऊन घसरतं. माझं काम पायी चालत जाऊन एकेक हँडल बघायचं. शाकीर सात वर्षांचा असताना जेवणाचा डबा द्यायला यायचा. एकदा त्याने विचारलं, "अब्बा, आपल्यात माल हाय, हे डब्याला कसं कळतं?" मी म्हणालो, "कळत नाही. म्हणून तर माणूस ठेवलाय."

तुझ्या गाडीखाली तो माणूस म्हणजे ती सळई. माल भरला की गाडी खाली बसते, सळई दांडा वर ढकलते, मग मागच्या चाकांना पुरा ब्रेक मिळतो. रिकामी असली की गाडी वर राहते, दांडा खाली येतो, मागे ब्रेक थोडाच जातो. शाकीरने गाडी चार इंच उचलली, पाटे वाढवले, आणि सळई तेवढीच ठेवली. तेव्हापासून दांडा खाली लोंबतोय. गाडीत वीस क्विंटल असले तरी तो व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे. सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. म्हणून त्या निळ्या पडल्या, म्हणून मागचे लायनर नव्यासारखे राहिले. तू रिकाम्या गाडीचा ब्रेक बघितलास. रिकामी थांबणारच.

तुझे पॅड नकली असतील. खोटं बोललास हेही खरं. पण ऑगस्टमध्ये कंपनीचे पॅड बसवले, तेही दोन महिन्यांत जळाले. मग दोष पॅडचा कसा? शाकीर तुझ्या पॅडमुळे गेला नाही. स्वतः केलेल्या कामामुळे गेला.

हे मला तुझं चित्र बघितल्याबरोबर कळलं होतं. २ तारखेच्या पत्रात मी ते लपवलं. त्याच्या हाताला लोक चांगलं म्हणतात, तेवढंच आमच्याकडे उरलंय. वाटलं, ईदनंतर येईन, कुणाला न सांगता सळई लांब करीन, संपलं. त्यासाठी मी तुला मारेकरी म्हणून अकरा दिवस जगू दिलं, आणि तुझ्या घरच्यांना घाटात सोडणार होतो.

सुलतानबीला आज सगळं सांगितलं.  तिने उठून माझे ईदचे कपडे बाहेर काढून ठेवले. मी म्हणालो, चांद दिसला तर उद्या ईद आहे. ती म्हणाली, "मांडवगणात बी नमाज पढतात. तुम्ही जावा."

अयुब


बिरवाडीच्या अलीकडे, वाड्यावरून
१८ नोव्हेंबर २००४

ती. चाचा,
नमस्कार. सगळे सुखरूप पोचलो.

रविवारी तुम्ही आलात तेव्हा बाया गाडीत चढून बसल्या होत्या. तुम्ही कुणाशी न बोलता पांढऱ्या कपड्यांनी गाडीखाली शिरलात. आबांना वाटलं, तुम्हाला चक्कर आली. मग लोहाराकडे जाऊन सळई लांब करायच्या पट्टीला दोन भोकं पाडून आणलीत, एक रिकाम्याचं आणि एक भरलेल्याचं, आणि पिन भरलेल्याच्या भोकात घालून मला चार वेळा काढून घालायला लावलीत. रोजा होता, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीत. निम्मा माल उतरवायला लावलात तेव्हा आबांनी स्वतःच कोकरं खाली घेतली. आत्या म्हणाली, आबा गप्प बसल्याचं तिने पहिल्यांदा बघितलं.

पत्र हातात देऊन म्हणालात, घाट उतरल्यावर वाच. खाली उतरून थांबलो. आधी चाकांना हात लावला. चारही चाकं सारखीच तापली होती. आयुष्यात पहिल्यांदा मागच्या चाकाला चटका बसला. मग तिथेच दगडावर बसून पत्र वाचलं.

चाचा, मी हे कुणालाही सांगणार नाही. आबांना म्हणालो, सळई गंजली होती. शाकीरचं नाव आहे तसं राहील. पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्याने फक्त माझीच गाडी उचलली नव्हती. माझी बघून लोक त्याच्याकडे यायला लागले. किती, ते मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल तसं करू.

तुमचा,
संपत


तळेगाव ढमढेरे
५ डिसेंबर २००४

चि. संपत यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच दिवशी शाकीरची पेटी उघडली. वर सुलतानबीने दिलेला रुमाल होता, खाली वही. उचललेल्या प्रत्येक गाडीचा नंबर, मालकाचं नाव, गाव आणि किती इंच. अकरा गाड्या. तुझी पहिली. तुझ्या नंबरापुढे त्याने लिहिलंय, 'एक नंबर झाली'.

तू गप्प राहायला तयार आहेस, त्याबद्दल तुझ्यावर माया आहे. पण गप्प राहून दहा गाड्या थांबत नाहीत. लोहाराकडून दहा पट्ट्या करून घेतल्या आणि गावोगाव निघालो. प्रत्येक ठिकाणी आधी सांगतो की मी शाकीरचा बाप, माझ्या मुलाच्या हातून चूक झाली आहे, गाडीखाली बघू द्या. कुणी चहा देतं. रांजणगावला एकाने मला बाहेर काढलं. म्हणाला, "मेलेल्या पोराचं नाव घिऊन धंदा करता व्हय, म्हातारबा?" दुसऱ्या दिवशी त्यानेच निरोप पाठवून बोलावलं. त्याच्याही डिस्क निळ्या होत्या. सगळ्यांच्याच निळ्या आहेत, संपत. सगळ्यांचे मागचे लायनर नव्यासारखे आहेत, आणि सगळे त्याला नशीब म्हणतात.

सात झाल्या. ही आठवी. सकाळी इथे पोचलो तर अंगणात गाडी नव्हती. घरात प्रतिभा नावाची बाई आहे. तिचा नवरा काल टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणला गेला. सकाळी सातपर्यंत येतो, असं ती म्हणाली. आता साडेअकरा झालेत. त्याच्याजवळ मोबाईल आहे, पण लागत नाही. घाटात रेंज नसते, असं ती दोनदा म्हणाली.

तिने बाजेवर घोंगडी टाकून दिली. पाणी दिलं, चहा दिला, आता भाकरी टाकते आहे. मी कशासाठी आलोय ते तिने अजून विचारलेलं नाही. पट्टी माझ्या पिशवीत आहे. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की ती पीठ लागलेल्या हातांनी दारात येते, माझ्याकडे बघून हसते आणि परत आत जाते.

तुझा,
अयुब